वरची ओळ

"घे मंदे, घरचा आहे," म्हणत हरडे सरांनी मागं वळून कागदाची पुडी माझ्या हातात दिली. मध्यंतर झालं होतं, दोन्ही संघ आत गेले होते आणि हॉलमध्ये कुठलंतरी कर्कश गाणं लावलं होतं.

"हो सर," मी म्हटलं आणि चिवड्याची पुडी न उघडता पर्समध्ये टाकली. परीक्षकानं आकडे नोंदवणाऱ्या टेबलावरच्या माणसाचं काही खाऊ नये, असं माझं मत होतं. त्या मोसमातली नागपुरातली ती सातवी आणि शेवटची मॅच होती. पुडीही सातवीच.

"पास पाह्य मंदे," सर म्हणाले. "पॉइंट त सगळ्यायले दिसते. ह्या वर्षी पास पाह्यासारखे आहे."

"पाहतेच आहे," मी म्हटलं, आणि मनात म्हटलं, तेच तर पाहते आहे.

महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा तो दुसराच मोसम होता. त्यात पहिल्यांदा उतरलेल्या मुलींमधून एक सर्वोत्तम नवोदित खेळाडू निवडायची होती. तिला लीगकडून तीन वर्षांचा करार मिळणार होता. बाकीच्या नव्या मुलींचे करार एकेका वर्षाचे. मोसम संपला की संघानं ठेवलं तर ठेवलं, नाहीतर पिशवी भरून घरी. निवडसमितीत आम्ही तिघं होतो. अध्यक्ष मोघे, चेन्नईच्या एक माजी खेळाडू आणि नागपूरची म्हणून मी, मंदा वैरागडे. वीसेक वर्षं रेल्वेच्या संघातून खेळले आणि नोकरीतली तीस वर्षं गाड्यांमध्ये तिकिटं तपासली. तिकीट मागितल्यावर माणूस आधी कुठल्या खिशात हात घालतो, यावरून मला त्याचं सगळं कळायचं. निदान तसं मला वाटायचं.

यंदा बाजी मारणार ती ऋतुजा बोरकुटे, असं सगळे धरून चालले होते. नागपूरच्याच संघाची, नंबर एकोणचाळीस. उंच, देखणी उडी, वर्तमानपत्रात दोनदा फोटो. नुसते पॉइंटच नाहीत, तर असिस्टमध्येही ती सगळ्यांच्या पुढं होती. ज्या पासवर दुसरी मुलगी लगेच बास्केट करते त्या पासला असिस्ट म्हणतात, आणि हुकलेला बॉल झेलला तर रिबाउंड. पॉइंट पंचांच्या अधिकृत कागदावर चढतात, त्यात कुणाला हात घालता येत नाही. असिस्टचं तसं नसतं. टेबलावर एक माणूस मैदानाकडे पाहून नंबर पुकारतो आणि शेजारी बसलेला दुसरा माणूस ते संगणकात भरतो. पुकारणारा म्हणेल ते खरं.

आणि नागपुरात पुकारणारे होते दिगंबर हरडे. नगरपालिकेच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर फुकट बास्केटबॉल. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. ऋतुजाही. ती तिसरीत असल्यापासून त्यांच्या मैदानावर येत होती आणि त्यांच्याच गल्लीत राहत होती. एवढं पुरेसं होतं माझ्यासाठी.

शिवाय माझं आणि सरांचं एक जुनं प्रकरण होतं. मी सतरा वर्षांची असताना जिल्ह्याचा संघ त्यांनी निवडला आणि त्यातून मला वगळलं. माझ्याहून बुटकी, माझ्याहून हळू पळणारी एक मुलगी घेतली. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढं मी रेल्वेकडून देशभर खेळले, सर भेटले की वाकून नमस्कारही करत राहिले, पण ते डोक्यातून गेलं नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला. मी मांडीवर पुठ्ठ्याचं कार्ड धरून बसले होते आणि हातात माझा तिकिटं टोचायचा लोखंडी चिमटा होता. निवृत्त होताना तो जमा करायचा असतो. हरवला असं लिहून देऊन मी तो ठेवून घेतला होता. ऋतुजानं पास दिला आणि त्यावर बास्केट झाली की कार्डाला एक भोक. सातही मॅचना मी हेच केलं होतं. सरांच्या बरोबर मागच्या खुर्चीत बसून.

"बारा, असिस्ट," सर पुकारत होते. चौऱ्याहत्तरीतही आवाज खणखणीत. "सात, रिबाउंड. एकोणतीस, असिस्ट. ऋतू, रिबाउंड."

ऐका. बाकी सगळ्यांना नंबर आणि तिला ऋतू. टेबलावर बसून आपल्या माणसाला नावानं हाक मारायची म्हणजे काय? सातही मॅचमध्ये मी ते ऐकलं होतं आणि दर वेळी माझ्या कपाळावर आठी चढली होती. सरांच्या शेजारी लीगच्या कंपनीनं पुण्याहून पाठवलेल्या प्राजक्ता देव बसायच्या. पस्तिशीच्या, हुशार, मान खाली घालून टकाटक टाइप करणाऱ्या. त्या मैदानाकडे बघतच नसत.

मॅच संपली तेव्हा माझ्या कार्डावर ऋतुजाची तीन नवी भोकं पडली होती. दहा मिनिटांनी आकड्यांचा कागद छापून आला. त्यावर तिच्या नावापुढं नऊ असिस्ट होते.

घरी जाऊन मी चौदाही मॅचचे कागद पलंगावर पसरले. बाहेरगावच्या सात मॅचमध्ये मिळून ऋतुजाचे एकवीस असिस्ट. नागपुरातल्या सातांत चौसष्ट. त्याच सातांत माझ्या कार्डावर भोकं होती तेवीस. मी तिच्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढत गेले, चौदा कागदांवर चौदा रेघा. पाणी कुठं मुरतंय ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी सरांकडे तिकीट मागायची पाळी माझी आली होती.

मी मोघेंना फोन लावला.

"ऋतुजाचे नागपूरचे आकडे बाद करा आणि हरडे सरांना टेबलावरून काढा," मी म्हटलं.

मोघे मुंबईचे, सावध माणूस. "बाई, ते बाद केले तर पुरस्कार कोचीच्या मुलीला जातो, हे लक्षात आहे ना? तुमच्या गावची मुलगी घालवताय तुम्ही."

"खोट्या आकड्यांची मुलगी मला नको. माझ्या गावची असली तरी नको."

"मग उद्या अकराला टेबलावरच्या दोघांना बोलावून घेतो. जे काय आहे ते त्यांच्या तोंडावर बोला. पाचला समारंभ आहे."

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या एका छोट्या खोलीत आम्ही बसलो. मोघे, मी, लॅपटॉप घेऊन प्राजक्ता देव, आणि धुवट पांढऱ्या शर्टात हरडे सर. चेन्नईच्या बाई फोनवर व्हिडिओ कॉलनं होत्या. सरांना वाटलं होतं, आभार मानायला बोलावलंय. त्यांनी मोघेंसाठीही एक पुडी आणली होती.

मी वेळ घालवला नाही. कार्ड टेबलावर ठेवलं. "सर, नागपुरातल्या सात मॅचमध्ये ऋतुजाचे चौसष्ट असिस्ट लागलेत. मी मोजले ते तेवीस. बाकीचे कुठून आले?"

सरांनी कार्ड उचललं, उजेडाकडे धरलं. भोकांतून खिडकी दिसत होती. "चौसष्ट?" ते म्हणाले. "नाही. एवढे मी सांगितलेच नाही. ऋतू पास देते कुठं जास्त? तिले बास्केट दिसली का ती उडते."

"मग कागदावर कुठून आले? तुम्ही कागद पाहत नाही का?"

"जवळचं बारीक अक्षर दिसत नाही मले, दूरचं सगळं दिसते. मी बोलतो, कागद त्यायचा."

सगळ्यांनी प्राजक्ताबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "मी सर बोलतात तेच टाइप करते. वर बघायला वेळच नसतो. एक शब्द माझ्या मनाचा नाही."

आता दोघं एकमेकांवर ढकलणार, मला वाटलं. हे मी हजार वेळा पाहिलं होतं. नवरा म्हणतो तिकीट बायकोकडे, बायको म्हणते नवऱ्याकडे. "तुम्ही दोघांनी मिळून ठरवा," मी म्हटलं. "पण एकोणचाळीस नंबरच्या नावावर एक्केचाळीस असिस्ट जास्त आहेत. ते आभाळातून पडले नाहीत."

प्राजक्ताबाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. "मॅडम, एकोणचाळीस नंबरची कोणी प्लेअरच नाहीये."

"काय?"

"नाहीये टीममध्ये. मी यादी दाखवते हवं तर."

मी चिडले. तोंडावर धडधडीत खोटं बोलायलाही काही सीमा असते. "ऋतुजाच्या पाठीवर काय आहे मग?"

"ऋतुजा थर्टी-नाइन आहे," त्या म्हणाल्या. "एकोणचाळीस म्हणजे फॉर्टी-नाइन ना?"

मोघेंनी उघडलेली पुडी पुन्हा मिटली. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. मग शाळेत फळ्यापाशी बोलावताना यायचा त्या आवाजात ते म्हणाले, "बाई, एक काम करा. कागदावर एकोणतीस लिहा. आकड्यात."

प्राजक्ताबाईंनी लिहिलं आणि कागद फिरवून आमच्याकडे केला. ३९.

"तीस म्हणजे थर्टी," त्या हळूच म्हणाल्या. "आणि एकोण म्हणजे... नऊ. नाही का? मी कॉन्व्हेंटची आहे सर. मराठी सगळं येतं, आकडेच तेवढे..."

"एकोण म्हणजे एक उणा," सर म्हणाले. "तिसाले एक कमी. एकोणतीस."

"अरे देवा," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात तोंडावर नेले. "मला वाटायचं, ऋतुजाला तुम्ही कधी नावानं म्हणता, कधी नंबरनं."

"तिले मी ऋतूच म्हणतो. तिसरीतली सवय आहे. चुकलंच ते." सर माझ्याकडे वळले. "एकोणतीस नंबर रोशनी उईके, मंदे. ते पास तिचे आहे."

मी पर्समधून चौदाही कागद काढले. कालचा वर होता. नंबराप्रमाणे नावं होती. ऋतुजाच्या ओळीखाली माझी लाल रेघ. आणि तिच्या बरोबर वरची ओळ होती, एकोणतीस, रोशनी उईके, असिस्ट शून्य. मी एकेक कागद उलटत गेले. नागपुरात शून्य, नागपुरात शून्य. बाहेरगावी, जिथं इंग्रजीत पुकारत, तिथं सहा, चार, सात. बाहेरगावचे अडतीस आणि घरच्या मैदानावर सात मॅच मिळून एकही नाही. आदल्या दिवशी ते सगळं माझ्या पेन्सिलीच्या अर्धा बोट वर होतं.

"चौसष्टातून तेवीस गेले, एक्केचाळीस," सर म्हणाले. "अन् बाहेरचे अडतीस. एकोणऐंशी होते. बाई, आता हे आकड्यात मलेच लिहू द्या." त्यांनी स्वतः पेन घेऊन लिहिलं.

मोघे खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे पहिली तीच येते. पण नुसत्या वजाबाकीवर मला पुरस्कार देता येणार नाही. वैरागडे बाई, समितीतल्या तुम्ही एकट्या सातही मॅचना हजर होता. ही उईके खेळते कशी?"

मी तोंड उघडलं. सात मॅच मी पहिल्या रांगेला लागून बसले होते. मला एक काळी-सावळी, तेलकट वेणीची मुलगी आठवली, पाणी पिताना. एवढंच. तिचा एक पास मला आठवेना. नव्या मुलींमधली सगळ्यात चांगली कोण, हे सांगायला मला नेमलं होतं आणि ती माझ्यासमोर सात मॅच धावली होती.

"मला सांगता येणार नाही," मी म्हटलं.

"मी सांगतो," सर म्हणाले. "कालचे सहा घ्या. पहिला, पहिल्या क्वार्टरात, डाव्या कोपऱ्यातून. तिनं पाह्यलं बाराकडे अन् बॉल देला सातले. दुसरा, मध्यंतराच्या जरासा आधी, जमिनीवर टप्पा पाडून, दोघींच्या पायातून..."

प्राजक्ताबाईंनी कालचं चित्रण लावलं. सर डोळे मिटून सांगत होते आणि त्या पुढं पुढं सरकवत होत्या. सहाच्या सहा पास तिथं होते. मी पहिल्यांदाच त्या मुलीकडे पाहिलं. बॉल तिच्या हातात राहतच नव्हता. आला की गेला, आणि गेला तिथं कुणीतरी अचूक मोकळी उभी असायची. दोन वेळा ती ऋतुजाच होती. तिनं उडी मारून बास्केट केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पास देणारी तोवर पाठ फिरवून परत धावत सुटली होती. चौथा पास मी पुन्हा लावायला सांगितला. मोघेंनी पाचवा.

"एकमत," फोनवरून चेन्नईच्या बाई इंग्रजीत म्हणाल्या. मला विचारावं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

उठताना सरांनी माझं कार्ड पुन्हा हातात घेतलं. "सातही दिवस माह्या मागं बसून हेच करून राह्यली होती?"

"हो सर."

"मले वाटलं पोरी पाह्याले येते," ते म्हणाले. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि मोघेंना नमस्कार करून गेले. समारंभाला ते आले नाहीत. पुढच्या मोसमात टेबलावर बसणार नाही, अशी चिठ्ठी तेवढी प्राजक्ताबाईंजवळ देऊन गेले होते.

संध्याकाळी रोशनीचं नाव पुकारलं तेव्हा ती मागं वळून बघायला लागली, दुसरी कुणी रोशनी आहे का म्हणून. कुरखेड्याकडची मुलगी. पहाटेच्या बसचं तिकीट काढून बसली होती, कारण तिचा करार त्या दिवशी संपत होता. ऋतुजानंच तिला ढकलत मंचावर नेलं. खाली उतरल्यावर मी तिला विचारलं, "दर मॅचला तुझ्यापुढं शून्य लिहून यायचं. तू कुणाला बोलली का नाहीस?"

"मले वाटलं, माह्या पासले असिस्ट म्हणत नसतीन," ती म्हणाली.

त्यानंतर ती नऊ मोसम खेळली. पण ते सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या मैदानावर गेले. सर पायरीवर बसून बॉलमध्ये हवा भरत होते. मी शेजारी बसले. येताना रिक्षात दहा वेळा घोकलेली माफी तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच.

"सर, मी सतरा वर्षांची असताना तुम्ही मला संघातून का काढलं?"

त्यांनी पंप थांबवला. "अजून आहे का ते डोक्यात?"

"आहे."

"मंदे, तुह्यासारखी पळणारी पोरगी मी आजवर पाह्यली नाही. पण बॉल तुह्या हातात आला का तो तुहाच व्हायचा. चार जणी मोकळ्या उभ्या राहत, तू देत नव्हती. मी विचारलं होतं तुले एकदा. तू म्हणाली, सर, त्या बॉल सोडतीन."

मला ते आठवत नव्हतं. पण बोलणं माझंच होतं, यात शंका नव्हती.

"पास द्याले भरवसा लागते," सर म्हणाले आणि पुन्हा हवा भरू लागले. त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं पुडी केली नाही.

मी पर्स उघडून शेवटच्या मॅचची पुडी काढली, सोडली आणि आमच्या दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवली. सरांनी चार दाणे उचलले, तोंडात टाकले आणि चावता चावता थांबले.

"सादळला. हा परवाचा आहे ना?"

"हो."

"खाल्ला नाहीस?"

"नाही सर."

गणिताचे मास्तर होते ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पर्सकडे. "अन् बाकीच्या सहा?"

मी पर्सचा आतला कप्पा उघडला आणि एकेक पुडी काढून पायरीवर ओळीनं ठेवत गेले. त्यांनी त्या मोजल्या.